वाङ्मयांतील दाई

गेल्या दिवाळीच्या सुटींत मी मिरजगांवीं घरीं असतांना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें लांबलचक पत्र आलें. तो व त्याची पत्नी दोघेंही पुण्यास नोकरी करितात. घरांत वडीलधारें कोणी नाहीं. दीड वर्षाचा एकुलता एक मुलगा आहे. त्यास सांभाळण्याकरितां घरींच राहणारी एखादी विश्वासू बाई आपल्या कर्जत तालुक्याच्या बाजूस मिळेल काय, अशी त्यानें पृच्छा केली होती, आणि अशा बाईच्या अंगीं कोणकोणते गुण असावेत याची एक यादीही सोबत जोडली होती. बाई तिशीच्या पुढची पण चाळिशीच्या आंतली असावी; निरोगी, स्वच्छ व शांत स्वभावाची असावी; तिची बोली फार गांवढळ नसावी; मुलाच्या हातीं मोबाईल देऊन स्वस्थ बसणारी नसावी. यादीचें शेवटचें कलम असें होतें: शक्य तर तिला मागें कोणी नसावें.

पत्र लिहिणारा मुलगा वाईट नाहीं. माझ्यापाशीं त्यानें डिकन्स वाचला आहे, आणि तो वाचतांना त्याचे डोळे ओले झालेले मीं पाहिले आहेत. एकुलत्या मुलाच्या बाबतींत आईबापांचा जीव हळवा असावयाचाच. परंतु तें शेवटचें कलम वाचून मी थबकलों. जन्मभर ज्या वाङ्मयावर आपण व्याख्यानें देत आलों, त्यांतल्या दाईला तरी मागें कोणी असतें काय, असा प्रश्न मला त्या दिवशीं प्रथमच पडला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा मागोवा आहे.

अशा याद्या करण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, बालकासाठीं धात्री कशी निवडावी याचें सविस्तर वर्णन आहे. ती समान वर्णाची असावी, तरुण असावी, विनीत असावी. तिला रोग, व्यंग वा व्यसन नसावें. ती आपल्याच देशांतली, चांगल्या कुळांतली, हलकीं कामें न करणारी असावी. ती वत्सल असावी, सावध असावी, आणि तिला दूध भरपूर असावें. ही यादी व माझ्या विद्यार्थ्याची यादी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या, तर इतक्या शतकांत आईबापांच्या काळजींत फारसा फरक पडला आहे असें दिसत नाहीं. भेद आहे तो एकाच ठिकाणीं. चरकाच्या यादींत 'जीवद्वत्सा' असा एक शब्द आहे. जिचें स्वतःचें मूल जिवंत आहे अशी धात्री असावी, असा त्याचा अर्थ. वैद्याच्या दृष्टीनें हें अगदीं सयुक्तिक आहे. जिच्या दुधावर तिचें लेंकरूं वाढलें तिचें दूध निर्दोष असलें पाहिजे. परंतु ती परक्याच्या वाड्यांत राहावयास गेल्यावर त्या लेंकराचें काय होतें, याविषयीं त्या वर्णनांत अवाक्षर नाहीं. तिच्या दुधाची परीक्षा आहे, दुधाच्या दोषांवर उपाय आहेत, तिनें काय खावें तें आहे. तें मूल मात्र साक्षीदारासारखें येतें, आणि साक्ष संपतांच त्यास कोर्टाबाहेर काढण्यांत येतें. माझा विद्यार्थी एक पाऊल पुढें गेला. त्याला साक्षीदारच नको आहे.

शब्दांचीही या ठिकाणीं थोडी मौज आहे. 'धात्री' हा शब्द संस्कृतांत पृथ्वीलाही लावितात आणि आवळ्यालाही. 'दाई' हा आपला शब्द फारसी 'दाया'च्या वळणाचा, आणि मराठींत त्याचा अर्थ सुईण असाही होतो. 'आया' हा पोर्तुगीजांकडून आला, पण मराठींत तो 'आई'च्या अनेकवचनाशीं जुळून बसला. भाषेनें नकळत केलेला इतका भेदक श्लेष क्वचितच आढळेल. हल्लीं हे सारे शब्द मागें पडले असून शाळेंत, रुग्णालयांत आणि घरांतही एकच संबोधन चालतें, तें म्हणजे 'मावशी'. माय मरो पण मावशी जगो, असें म्हणणाऱ्या भाषेंत हें नांव देणें म्हणजे मोठाच मान देणें होय. मात्र या मावशीला भाचराच्या लग्नांत लुगडें मिळालें तर मिळतें, मानपानाच्या पंगतींत पाट मिळत नाहीं.

आतां काव्याकडे पाहूं. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत दिलीप राजाच्या बालकाचें वर्णन आहे. नंदिनीची सेवा करून, व्रतें करून, कितीतरी वर्षांनीं झालेला हा मुलगा. त्याच्या बोबड्या बोलांचें अप्रूप राजास किती वाटलें असेल! धात्री आधीं उच्चारी तो शब्द बाळ बोले, तिचें बोट धरून चाले, तिनें शिकविल्याप्रमाणें नमस्कार करी, आणि त्या योगें पित्याचा आनंद वाढे. एकाच श्लोकांत कालिदासानें बालसंगोपनाचें सारें रहस्य सांगितलें आहे: मुलाला वाचा, चाल आणि रीत हीं तिन्ही दाईकडून मिळतात, आणि त्यांचा आनंद बापास मिळतो. व्याकरणाच्या दृष्टीनें पाहतां त्या श्लोकांत धात्री तृतीयेंत येते. कर्ता रघु आहे. ती करण आहे. पुढें रघु दिग्विजयास निघतो, विश्वजित् यज्ञ करून सर्वस्व दान करितो, पण ज्या बोटाला धरून तो प्रथम चालला त्या बोटाची आठवण कवीस पुन्हां होत नाहीं. कालिदासास दोष देण्याचें मला कारण नाहीं. राजवंशाच्या काव्यांत दाईचा सर्ग कोठून असणार? पण आमच्या वर्गांतही तो श्लोक आम्ही वात्सल्यरसाचें उदाहरण म्हणून शिकवितों, आणि तें वात्सल्य दिलीपाच्या नांवावर जमा करितों.

इतिहासांत दाईचें नांव येतें तें तिनें कांहीं अलौकिक केलें तरच. मेवाडांत १५३६ सालीं बनवीरानें विक्रमादित्याचा खून केला आणि तो बालक उदयसिंहाच्या महालाकडे वळला, तेव्हां पन्ना दाईनें राजपुत्रास बाहेर काढून त्याच्या बिछान्यावर आपला मुलगा चंदन यास निजविलें, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो मारला गेला. ही कथा शाळेच्या पुस्तकांत वाचतांना आमचा ऊर भरून येत असे. आज वाचतांना दुसरेंच कांहीं मनांत येतें. पन्नेच्या त्यागाची स्तुति करणारे लेखक चंदनाविषयीं एक वाक्य लिहून थांबतात, कारण अधिक लिहिलें तर स्तुति करणें कठीण होईल. महाराष्ट्रांतली धाराऊ या मानानें सुखी. १६५७ सालीं पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृति ठीक नव्हती, म्हणून कापूरहोळच्या गाडे घराण्यांतल्या या बाईनें राजपुत्रास दूध पाजलें. पुढें दोन वर्षांनीं सईबाई वारल्या. धाराऊचें नांव आपण आदरानें घेतों तें योग्यच आहे. पण ज्या अर्थीं तिला दूध होतें, त्या अर्थीं तिच्या मांडीवर स्वतःचें तान्हें असलेंच पाहिजे. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणाऱ्या आमच्या मित्रांनीं गडावरच्या मशालींचें आणि तोफांचें वर्णन कमी करून त्या तान्ह्याकडे एकदां वळून पाहावें, अशी माझी त्यांस विनंति आहे.

पन्नेच्या उलट टोकाला पूतना आहे. सुंदर स्त्रीचें रूप घेऊन ती गोकुळांत आली आणि तिनें बाळाला मांडीवर घेतलें. कोणी विचारपूस केली नाहीं. परक्या बाईच्या हातीं मूल सोंपविणाऱ्या प्रत्येक आईच्या मनांत ही पूतना दबा धरून असते. लैला स्लिमानी या लेखिकेच्या ज्या फ्रेंच कादंबरीस २०१६ सालचें गोंकूर पारितोषिक मिळालें, तींत पॅरिसमधली एक आदर्श दाई शेवटीं सांभाळावयास दिलेल्या मुलांचा जीव घेते. कादंबरी उत्तम आहे. दाईचें दारिद्र्य, तिचें कर्ज, तिची एकटेपणाची खोली हीं सर्व लेखिकेनें फार थंड डोक्यानें रेखाटलीं आहेत. परंतु ती जगभर खपली ती त्या गुणांमुळें खपली, कीं पूतनेच्या भयामुळें, याविषयीं मला शंका आहे. आपल्या मुलासाठीं स्वतःचें मूल देणारी, अथवा आपलें मूल मारणारी, अशा दोनच दाया वाङ्मयास ठाऊक असाव्यात, आणि दोन्हींच्या मध्यें जी रोज खिमट शिजविते, लंगोट वाळत घालते आणि पहिल्या तारखेस पगार मागते तिला जागा नसावी, हें चमत्कारिक नव्हे काय?

इंग्रजी वाङ्मयांत तिला थोडी अधिक जागा मिळाली आहे. शेक्सपियरच्या ज्यूलिएटची दाई ही विनोदी व अघळपघळ बोलणारी म्हणून प्रसिद्ध आहे. रंगभूमीवर ती आली कीं प्रेक्षक हंसावयास सिद्ध होतात. ज्यूलिएट ही कॅप्युलेटची एकुलती एक उरलेली मुलगी. बाकीचीं सर्व निवर्तलेलीं. पहिल्या अंकांत ज्यूलिएटच्या वयाची गोष्ट निघते, तेव्हां दाई सांगते कीं, आपली सूझन आणि ही एका वयाच्या. सूझन देवाघरीं गेली, ती आपल्या नशिबीं नव्हती. एवढें बोलून ती लागलीच ज्यूलिएटचें दूध कसें तोडलें त्या गोष्टीकडे वळते, आणि हंशा सुरू होतो. पंचवीस वर्षें हें नाटक शिकवितांना मीं त्या हंशाचें विवरण केलें. सूझनपाशीं मी थांबलों नाहीं. ज्यूलिएट जें दूध प्यायली तें सूझनचें होतें, हें शेक्सपियरनें दीड ओळींत सांगून ठेविलें आहे, आणि तें विनोदाच्या मधोमध ठेविलें आहे. पुढें हीच दाई ज्यूलिएटला पॅरिसशीं लग्न करण्याचा सल्ला देते आणि ज्यूलिएट तिला मनांतून टाकून देते. टीकाकार तिला चंचल, हीन मनाची म्हणतात. त्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, ज्यूलिएट घर सोडूं शकते, मरूं शकते. दाईला त्याच घरांत राहावयाचें आहे. तिचा सल्ला हा नोकरीवर पोट असलेल्या माणसाचा सल्ला आहे.

डिकन्सची पेगटी ही माझ्या विद्यार्थ्याची आवडती. डेव्हिड कॉपरफील्ड हा पितृहीन एकुलता मुलगा, आणि पेगटी ही त्याची दुसरी आईच. तिला स्वतःचें मूल नाहीं. तेव्हां यादीचें शेवटचें कलम ती जवळजवळ पूर्ण करिते. परंतु तिला मागें कोणीच नाहीं असें नव्हे. यारमथच्या समुद्रकांठीं एका जुन्या नावेच्या घरांत तिचा भाऊ, पुतण्या आणि पोरकी एमिली राहतात. डेव्हिड त्या घरीं पाहुणा म्हणून जातो, मोठेपणीं आपल्या उमद्या मित्रालाही घेऊन जातो, आणि तो मित्र एमिलीचा नाश करितो. सारी कादंबरी या आघातावर हलली आहे. तरी डेव्हिड स्वतःकडे दोष कितीसा घेतो तें पुन्हां एकदां वाचून पाहावें. दाईच्या घरीं मुलाचें जाणें हें मुलाला स्वर्गासारखें वाटतें. दाईच्या घराला तें काय पडलें, याचा हिशेब डिकन्सनें मांडला आहे, पण बेरीज वाचकावर सोडली आहे.

स्टीव्हन्सन हाही एकुलता एक, आणि जन्माचा दुखणाईत. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेला आपला बालगीतांचा संग्रह त्यानें आपली दाई ॲलिसन कनिंगहॅम हिला अर्पण केला. लेखकांनीं दाईचें ऋण मानल्याचीं जीं थोडीं प्रामाणिक उदाहरणें आहेत त्यांतलें हें एक. आपल्याजवळचें उदाहरण किपलिंगचें. तो १८६५ मध्यें मुंबईस जन्मला. त्याची आया गोव्याकडली ख्रिस्ती बाई होती, आणि आईबापांसमोर नेतांना मुलांस आतां इंग्रजी बोला म्हणून बजावावें लागे, इतकी त्यांची जीभ देशी झाली होती, असें त्यानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे. त्या आयेचें पुढें काय झालें तें तेथें नाहीं. तिच्यासारख्या कित्येक जणींना साहेबांचीं मुलें सांभाळीत बोटीनें विलायतेस नेत आणि काम सरल्यावर तेथेंच सोडून देत. त्यांच्यासाठीं लंडनमध्यें एक आश्रयगृह काढावें लागलें. १९०० पासून तें हॅकनी भागांत होतें, आणि त्या इमारतीवर २०२२ सालीं स्मृतिफलक लागला. बाईचें नांव राहिलें नाहीं, घराचें राहिलें.

या विषयावरची मला ठाऊक असलेली सर्वश्रेष्ठ कथा मात्र रवींद्रनाथांची आहे. 'खोकाबाबूर प्रत्यावर्तन' या कथेंत सांभाळणारी बाई नसून गडी आहे. पण नात्याचें स्वरूप तेंच. रायचरण हा बारा वर्षांचा असतां अनुकूलच्या घरीं येतो आणि त्या बाळाला खेळवितो. बाळ मोठा होऊन मुन्सफ होतो, आणि रायचरण मग त्याच्या बाळाला खेळवूं लागतो. एके दिवशीं पद्मेच्या कांठीं मूल कदंबाच्या फुलांसाठीं हट्ट धरितें. रायचरण फुलें तोडून परततो तों गाडा रिकामा. मालकिणीला संशय येतो कीं अंगावरच्या सोन्यासाठीं यानेंच मूल पळविलें. रायचरण गांवीं परततो. त्यास उतारवयांत मुलगा होतो, बायको बाळंतपणांतच मरते. पहिल्यानें त्या मुलाकडे तो पाहतही नाहीं. धन्याचा मुलगा गमावून आपण पुत्रसुख भोगावें हें त्यास पाप वाटतें. पुढें त्याच्या मनानें घेतलें कीं, धन्याचा मुलगाच आपल्या पोटीं परत आला. मग तो शेत विकतो, कलकत्त्यास चाकरी धरितो, स्वतः अर्धपोटीं राहून मुलाला श्रीमंताच्या मुलाप्रमाणें वाढवितो, आणि तो बारा वर्षांचा झाल्यावर धन्यापुढें उभा करून सांगतो कीं, तुमचा मुलगा मींच चोरला होता, हा घ्या.

ही कथा स्वामिनिष्ठेची म्हणून सांगतात. मला ती आतां तशी वाटत नाहीं. रायचरण धन्याचें मूल हरवल्याची भरपाई करितो, आणि ती ज्या नाण्यांत करितो तें नाणें त्याचा मुलगा आहे. हा व्यवहार त्याच्यावर कोणीं लादला नाहीं. लादला नाहीं म्हणूनच तो भयंकर आहे. दुसऱ्याच्या मुलावर प्रेम करावयास पगार घेऊन शिकलेला मनुष्य, आपल्या मुलावर प्रेम करण्यासाठीं त्याला दुसऱ्याचा मुलगा ठरविल्यावांचून राहत नाहीं. आणि शेवट तर असा आहे कीं, रवींद्रांचें धैर्य पाहून थक्क व्हावें. धनी रायचरणास चोर म्हणून घालवून देतो, तेव्हां तो मुलगा, त्याचा सख्खा मुलगा, उदार होऊन नव्या बापास म्हणतो कीं, याला क्षमा करा आणि दरमहा कांहीं देत जा. महिन्याच्या अखेरीस पैसे पाठविले जातात. त्या नांवाचें तेथें कोणी नाहीं म्हणून ते परत येतात. करुणरसाचा भडका उडवून देण्याची येथें केवढी संधि होती! कवीनें ती मनिऑर्डरीवर संपविली.

महाश्वेतादेवींच्या 'स्तनदायिनी' या कथेंतली यशोदा ही याच वाटेवरची, पण तेथें लेखिकेचा स्वर कढत आहे. पांगळ्या झालेल्या नवऱ्याला पोसण्यासाठीं ती श्रीमंत घरचीं मुलें दूध पाजून वाढविते, त्यासाठीं स्वतः पुन्हां पुन्हां बाळंत होते, आणि अखेर त्याच स्तनांच्या कर्करोगानें एकटी मरते. नांव यशोदेचें, पुराणांतल्या यशोदेला पगार नव्हता आणि कृष्ण मथुरेस गेल्यावर तिच्या चरितार्थाचा प्रश्न नव्हता, हा फरक लेखिका विसरूं देत नाहीं. कथा कांहीं ठिकाणीं प्रतीकांच्या भारानें वांकते, असें माझें मत आहे. पण दाईला प्रथमा विभक्तींत बसविण्याचें काम तिनें केलें आहे.

मराठींत काय आहे? आपल्या कथावाङ्मयांत आई आहे, सासू आहे, सावत्र आई तर नको इतकी आहे. दाई मात्र दिवा घेऊन शोधावी लागते. एकत्र कुटुंबांत आजी, आत्या, काकू असतां परकी बाई हवी कशाला, असें याचें उत्तर कोणी देतील. तें अर्धेंच खरें आहे. त्या घरांत दाई होती. तिला दाई म्हणत नसत, इतकेंच. बालपणीं विधवा होऊन माहेरीं परतलेली आत्या, दिराच्या आश्रयास राहिलेली वहिनी, ह्याच त्या घरच्या दाया. दोन वेळचें अन्न आणि वर्षाचीं दोन लुगडीं एवढ्यावर त्यांनीं पिढ्याच्या पिढ्या वाढविल्या. हरिभाऊ आपट्यांपासून पुढें विधवेच्या दुःखावर शेंकडों पानें लिहिलीं गेलीं, आणि तीं लिहिलीं जाणें अवश्यच होतें. पण तीं तिच्या वैधव्याविषयीं आहेत, तिच्या श्रमाविषयीं नाहींत. पुढें १८९६ सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला, १९०९ सालीं पुण्यास रमाबाई रानड्यांचें सेवासदन सुरू झालें. विधवा शिकल्या, शिक्षिका व परिचारिका झाल्या, आणि मध्यमवर्गाच्या घरांतून ही बिनपगारी दाई हळूहळू गेली. तिच्या जागीं खेड्यांतली, वस्तींतली पगारी बाई आली. ती आली तेव्हां तिला घालावयास आमच्या लेखकांपाशीं सांचा नव्हता. म्हणून त्यांनीं आईचाच सांचा काढला. १९६३ च्या 'मोलकरीण' या चित्रपटांत सुलोचनाबाईंनीं उभी केलेली मोलकरीण ही त्या घरच्या कर्त्या पुरुषाची आईच असते. सुलोचनाबाईंच्या अभिनयाविषयीं दुमत नाहीं. परंतु चित्रपटगृहांत जे अश्रु गळले ते आईला मोलकरीण व्हावें लागलें म्हणून गळले. ती खरोखरीची मोलकरीण असती तर?

उत्तर दुसरीकडून आलें. आमच्याच जिल्ह्यांत जन्मलेल्या दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) जो आत्मकथनांचा प्रवाह सुरू झाला, त्यांत दुसऱ्याच्या कामावर गेलेल्या आईची वाट पाहणारें मूल स्वतः लिहूं लागलें. चरकानें साक्ष घेऊन बाहेर काढलेला तो साक्षीदार जणूं पुन्हां कोर्टांत आला. त्याच सुमारास, १९८० सालीं, पुण्याच्या मोलकरणींनीं संप केला आणि त्यांतून त्यांची संघटना उभी राहिली. २००८ सालीं महाराष्ट्रांत घरेलू कामगारांच्या कल्याणाचा कायदा झाला. कायद्यानें किती कल्याण केलें तें त्या बायांनाच विचारावें. 'घरेलू कामगार' हा शब्द कानास गोड लागत नाहीं हें मला मान्य आहे. पण त्यांत मावशी नाहीं, हा त्याचा गुण आहे.

येथें एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमची मुलगी एकुलती एक. तिच्या जन्मानंतर माझी पत्नी शाळेंत पुन्हां रुजू झाली, तेव्हां मिरजगांवच्याच बाजूची एक बाई आम्हीं नगरच्या बिऱ्हाडीं आणून ठेविली. ती सहा वर्षें राहिली. तिला आम्ही मावशी म्हणत असूं, आणि आल्यागेल्यास अभिमानानें सांगत असूं कीं, ही आमच्या घरच्यासारखीच आहे. घरच्यासारखी असल्यामुळें पहिलीं चार वर्षें तिचा पगार वाढविण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. घरच्या माणसाला कोणी पगारवाढ देतो काय? तिचा मुलगा आमच्या मुलीहून वर्षानें मोठा. तो गांवीं तिच्या आईपाशीं होता. एके वर्षीं मार्च महिन्यांत त्याला ताप येत असल्याचा निरोप आला. पत्नीच्या शाळेच्या परीक्षा जवळ आल्या होत्या, माझ्या विद्यापीठाच्या परीक्षा होत्या. आठ दिवस थांब, असें आम्हीं तिला म्हटलें; रागानें नव्हे, अगदीं गोडीनें. ती थांबली, आणि अकराव्या दिवशीं गेली. मुलगा सुदैवानें वांचला. परत आल्यावर आमच्या मुलीला न्हाऊं घालतांना ती माझ्या पत्नीस सहज म्हणाली, "ताई, पोरगं मला पाव्हणी समजतंय. म्हातारीलाच आई म्हणतंय." त्याच आठवड्यांत मीं वर्गांत रायचरणाची कथा इंग्रजी भाषांतरावरून शिकविली होती, आणि मनिऑर्डर परत येते त्या वाक्यापाशीं माझा गळा भरून आला होता. विद्यार्थ्यांना तें आवडलें असावें.

असो. विद्यार्थ्याच्या पत्राचें उत्तर द्यावयाचें होतें. पत्नीनें चौकशी करून एक बाई घरीं बोलाविली. वय चौतीस, नवरा सोडून गेलेला, सात वर्षांची मुलगी. मी तिच्यापुढें पुण्याची यादी वाचूं लागलों. तिनें ती शांतपणें ऐकली आणि मग आपल्या अटी सांगितल्या. पगार आपल्या नांवच्या खात्यांत यावा. आठवड्याची एक सुटी असावी. मुलगी बरोबर येईल. तिचें नांव तिकडच्या शाळेंत घालून द्यावें. बाळाला आपण निजवूं, पण रात्रीं मुलगी आपल्याजवळ निजेल. मीं त्या अटी विद्यार्थ्याच्या यादीच्या खालीं त्याच कागदावर लिहिल्या आणि कागद पाठवून दिला.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. पगाराचा आंकडा त्यानें मागितल्याहून अधिक धरला होता. खातें, सुटी, सारें मान्य होतें. मुलीविषयीं लिहिलें होतें कीं जागा लहान आहे, आणि बाळाला वेळ कमी मिळेल. तिच्या शिक्षणाचा खर्च आम्ही गांवीं पाठवूं. मुलगा वाईट नाहीं, असें मीं वर म्हटलेंच आहे. ओट्यावर बसून मीं तें पत्र बाईस वाचून दाखविलें. "मग ऱ्हाऊं द्या, सर," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या मळ्यांत कांद्याच्या खुरपणीला जाऊं लागली. मीं तसें पुण्यास कळविलें.